गोलरेषेवरचा पहारेकरी : लेव्ह याशिन

क्रीडा प्रतिनिधी

वाड्याच्या अंगणात, चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत किंवा शाळेच्या मधल्या सुट्टीत फुटबॉल खेळलेल्या प्रत्येकाला एक अलिखित नियम ठाऊक असतो. ज्याला पळता येत नाही, ज्याला चेंडू नीट मारता येत नाही किंवा जो सर्वांत उशिरा येतो, त्याला गोलात उभे करायचे. दोन दप्तरे किंवा दोन विटा ठेवून केलेल्या त्या गोलात उभे राहणे ही एक शिक्षाच असते. चेंडू अडवला तर पाठ थोपटायला कोणी येत नाही. गोल झाला की मात्र सगळ्यांची बोटे एकाच दिशेला वळतात. पुढे मोठेपणी आपण विश्वचषकाचे सामने रात्र-रात्र जागून पाहतो आणि दुसऱ्या दिवशी पेले, मॅराडोना, मेस्सी यांच्या गोलांची उजळणी चहाच्या टपरीवर रंगते. गोलरक्षकाची आठवण निघते ती बहुधा त्याच्या हातून काहीतरी निसटले म्हणूनच.

या रूढ न्यायाला फुटबॉलच्या इतिहासात एक ठळक अपवाद आहे. सर्वोत्तम फुटबॉलपटूला ‘बॅलन डी’ऑर’ हा किताब १९५६ पासून दिला जातो. एवढ्या वर्षांत हा किताब केवळ एका गोलरक्षकाच्या वाट्याला आला. १९६३ मध्ये तो मिळवणारा हा गोलरक्षक म्हणजे सोव्हिएत संघाचा लेव्ह इव्हानोविच याशिन. काळा पोशाख आणि सगळीकडे पोहोचणारे लांब हात यांमुळे जग त्याला ‘काळा कोळी’ म्हणून ओळखू लागले. मात्र हा किताब मिळण्याच्या जेमतेम दीड वर्ष आधी त्याच्या स्वतःच्या देशाने त्याला जवळजवळ मोडीत काढले होते. याशिनची थोरवी समजून घ्यायची तर त्याने झेललेल्या चेंडूंइतकाच त्याच्या हातून सुटलेल्या चेंडूंचाही हिशेब मांडावा लागतो.

कारखान्यातले बालपण

याशिनचा जन्म २२ ऑक्टोबर १९२९ रोजी मॉस्कोत एका कामगार कुटुंबात झाला. वडील कारखान्यात कामाला होते. रस्त्यावर खेळणाऱ्या इतर मुलांप्रमाणे लेव्हलाही गोल करण्याचीच हौस होती. १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि त्याचे बालपण तिथेच संपले. मॉस्कोतले कारखाने कामगारांसह पूर्वेकडे हलवण्यात आले. याशिन कुटुंबही उल्यानोव्स्क परिसरात गेले. प्रौढ पुरुष आघाडीवर गेल्याने यंत्रांपुढे उभे राहायला माणसे कमी पडत होती. ज्या वयात मुले शाळेत जातात, त्या वयात लेव्ह शिकाऊ कामगार म्हणून युद्धसामग्रीच्या कारखान्यात उभा राहिला. पोलाद कापायचे, घासायचे, मोजमाप घ्यायचे आणि पुन्हा यंत्रापुढे उभे राहायचे, असा त्याचा दिवस जाई. सिगारेटची सवय त्याला या कारखान्यातच जडली आणि ती त्याला अखेरपर्यंत सोडून गेली नाही. युद्धकाळातील या श्रमांबद्दल किशोरवयातच त्याला सरकारी पदकही मिळाले.

युद्ध संपल्यावर मॉस्कोजवळच्या तुशिनो भागातील कारखान्यात तो काम करू लागला. घरापासून कारखाना लांब होता. पहाटे उठायचे, गाड्या बदलत कामावर पोहोचायचे, काम संपल्यावर कारखान्याच्या फुटबॉल संघाबरोबर सराव करायचा आणि रात्री उशिरा घरी परतायचे. याच संघाच्या प्रशिक्षकाने या उंच, काटकुळ्या पोराला गोलात उभे राहायला सांगितले. लेव्हला ते आवडले नाही. पण तिथे आवडीनिवडीला वाव नव्हता.

अठराव्या वर्षी मात्र त्याच्या मनाने एकाएकी असहकार पुकारला. लहानपणापासून चाललेल्या या चाकोरीने तो आतून पार थकून गेला होता. एके दिवशी त्याने घर सोडले, कामावर जाणेही बंद केले. आज आपण या अवस्थेला नैराश्य म्हणू आणि डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला देऊ. त्या काळच्या सोव्हिएत संघात कामावर न जाणे हा गुन्हा होता आणि त्याला शिक्षाही होती. यातून सुटण्यासाठी त्याने हितचिंतकांच्या सल्ल्याने आपणहून लष्करी सेवेत नाव घातले. कारखान्यातून बराकीत गेलेला हा तरुण तिथल्या संघातून खेळत असताना अर्कादी चेर्निशेव्ह यांच्या नजरेस पडला आणि त्यांनी त्याला डायनॅमो मॉस्को क्लबच्या तरुण संघात आणले. पुढे आयुष्यभर याशिन दुसऱ्या कोणत्याही क्लबकडून खेळला नाही.

फसलेली सुरुवात

डायनॅमोच्या मुख्य संघाचा गोलरक्षक तेव्हा अलेक्सेई खोमिच होता. १९४५ च्या ब्रिटन दौऱ्यात खोमिचच्या झेपांनी इंग्रज प्रेक्षकांना वेड लावले होते आणि त्याला ‘वाघ’ ही पदवी मिळाली होती. अशा माणसाच्या सावलीत उभे राहणे सोपे नव्हते. त्यात याशिनची सुरुवात कोणाही नवख्याची झोप उडावी अशी झाली.

१९५० च्या वसंत ऋतूत स्तालिनग्रादच्या ट्रॅक्टर संघाबरोबर मित्रत्वाचा सामना होता. प्रतिस्पर्धी गोलरक्षकाने आपल्या गोलातून चेंडू लांब टोलावला. वाऱ्याने तो आणखी पुढे आला. चेंडूकडे पाहत पुढे धावलेला याशिन स्वतःच्याच बचावपटूवर आदळला आणि चेंडू टप्पा घेत त्याच्या गोलात शिरला. एका गोलरक्षकाने दुसऱ्या गोलरक्षकावर गोल केला होता! मैदानावरच्या दिग्गजांना हसू आवरले नाही.

त्याच वर्षी २ जुलै रोजी लीग स्पर्धेत परंपरागत प्रतिस्पर्धी स्पार्टाकविरुद्ध खोमिच जखमी झाला आणि याशिनला मैदानात उतरावे लागले. डायनॅमो एका गोलने पुढे होता. पुन्हा तेच घडले. चेंडू पकडायला पुढे गेलेल्या याशिनची आपल्याच सहकाऱ्याशी टक्कर झाली आणि स्पार्टाकने बरोबरी साधली. त्यानंतरच्या तिबिलिसी येथील सामन्यात त्याने चार गोल स्वीकारले. संघ जिंकला, पण याशिनवरचा विश्वास उडाला. त्याची रवानगी राखीव संघात झाली आणि पुढची दोन-तीन वर्षे मुख्य संघाचे दार त्याला बंदच राहिले.

एखादा खेळाडू इथेच संपला असता. याशिनने मात्र या काळात दुसरा खेळ जवळ केला. मॉस्कोच्या दीर्घ हिवाळ्यात फुटबॉलची मैदाने बर्फाखाली जातात आणि आइस हॉकीला बहर येतो. चेर्निशेव्ह हॉकीचेही जाणकार प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली याशिन हॉकीचा गोलरक्षक झाला. फुटबॉलचा गोल प्रशस्त असतो आणि चेंडू मोठा. हॉकीत गोल चिमुकला असतो आणि बर्फावरून सुसाट येणारी कठीण चकती पापणी लवण्याच्या आत अडवावी लागते. १९५३ मध्ये डायनॅमोने हॉकीचा सोव्हिएत चषक जिंकला तेव्हा गोलात याशिन होता. त्याची तयारी एवढी चांगली होती, की हॉकीच्या राष्ट्रीय संघासाठीही त्याच्या नावाचा विचार होऊ लागला.

त्याच सुमारास खोमिच डायनॅमो सोडून गेला आणि फुटबॉलचे दार पुन्हा किलकिले झाले. याशिनने हॉकीची काठी कायमची खाली ठेवली. सप्टेंबर १९५४ मध्ये स्वीडनविरुद्ध तो राष्ट्रीय संघातून प्रथम खेळला. तो सामना सोव्हिएत संघाने ७-० असा जिंकला. १९५४ व १९५५ अशी लागोपाठ दोन वर्षे डायनॅमो देशाचा विजेता ठरला. हॉकीच्या गोलरक्षकाला लागणारी चपळाई आता फुटबॉलच्या गोलात दिसू लागली होती. विशेष म्हणजे खोमिच निवृत्तीनंतर क्रीडा छायाचित्रकार झाला. ज्याच्या सावलीत याशिन वाढला, तोच पुढे कॅमेरा घेऊन गोलामागे बसू लागला.

गोलरक्षणाची नवी रीत

तोवर गोलरक्षक म्हणजे दोन खांबांच्या मध्ये उभा राहून येईल तो चेंडू अडवणारा माणूस अशीच समजूत होती. याशिनने ती बदलली. धोका गोलापर्यंत येण्याची वाट न पाहता तो पुढे धावून जाई आणि आघाडीवीराच्या पायातून चेंडू काढून घेई. गर्दीत उंचावरून येणारा चेंडू पकडणे शक्य नसेल तर मुठीने दूर ढकलून देई. चेंडू हातात आला की तो उगाच लांब न टोलावता मोकळ्या सहकाऱ्याकडे हाताने अचूक फेके आणि क्षणार्धात बचावाचे रूपांतर चढाईत होई. मागून सारे मैदान दिसते ते फक्त गोलरक्षकाला, हे ओळखून तो सतत ओरडून बचावफळीला जागा दाखवत असे. आज प्रत्येक चांगला गोलरक्षक हेच करतो, म्हणून त्याचे नावीन्य आपल्याला जाणवत नाही.

१९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धेशी आपलाही एक धागा जुळलेला आहे. मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेल्या नेव्हिल डिसूझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारताने उपान्त्य फेरी गाठली. तिथे युगोस्लाव्हियाने भारताला ४-१ असे हरवले. त्याच युगोस्लाव्हियाला अंतिम सामन्यात याशिनच्या संघाने १-० असे नमवले. भारताने ती उपान्त्य लढत जिंकली असती, तर अंतिम सामन्यात डिसूझापुढे याशिन उभा असता. भारतीय फुटबॉल त्यानंतर ऑलिंपिकमध्ये तेवढ्या उंचीवर कधीच गेला नाही, त्यामुळे ही हुकलेली गाठ अधिकच चुटपुट लावते.

१९५८ च्या स्वीडनमधील विश्वचषकात सोव्हिएत संघ प्रथमच उतरला. याशिनने ऑस्ट्रियाविरुद्ध पेनल्टी अडवली. ब्राझीलविरुद्धच्या सामन्यात पेले आणि गारिंचा विश्वचषकात पहिल्यांदाच खेळले. त्यांच्या झंझावातापुढेही ब्राझीलला दोनच गोल करता आले, त्याचे बरेचसे श्रेय याशिनला होते. १९६० मध्ये पॅरिसला झालेली पहिली युरोपीय राष्ट्रांची स्पर्धा सोव्हिएत संघाने जिंकली. अंतिम सामन्यात जादा वेळेत युगोस्लाव्हियाचा २-१ असा पराभव झाला. याशिनचे नाव आता जगभर झाले होते.

अरिकातील दहा दिवस

१९६२ चा विश्वचषक चिलीत होता. सोव्हिएत संघाचे सामने देशाच्या उत्तर टोकाला असलेल्या अरिका या गावात झाले. ३ जून रोजी कोलंबियाविरुद्ध सोव्हिएत संघ ४-१ असा आघाडीवर होता. मग कोलंबियाच्या मार्कोस कोलने मारलेला कॉर्नर कोणाचाही स्पर्श न होता थेट गोलात गेला. पुरुषांच्या विश्वचषकात कॉर्नरवरून थेट झालेला तो आजवरचा एकमेव गोल आहे. पाहता पाहता सामना ४-४ असा बरोबरीत सुटला. १० जून रोजी उपान्त्यपूर्व फेरीत यजमान चिलीने दुरून मारलेल्या दोन फटक्यांवर सोव्हिएत संघाला २-१ असे हरवले. लिओनेल सांचेझ आणि एलाडिओ रोहास यांचे ते गोल याशिनला अडवता आले असते, असे ठरवून टाकले गेले.

हे ठरवले कोणी? मॉस्कोतल्या सर्वसामान्य प्रेक्षकांनी तो सामना पाहिलाच नव्हता. दूरचित्रवाणीवर चिलीहून प्रक्षेपण होत नव्हते. लोकांपुढे होते ते दूरवरून तारेने आलेले वृत्तान्त. त्यांत पराभवाचे खापर एकट्या याशिनच्या डोक्यावर फोडले होते. ज्या व्यवसायात प्रस्तुत लेखक आहे, त्या व्यवसायाच्या जबाबदारीची जाणीव करून देणारा हा प्रसंग आहे. बचावफळी कुठे होती, गोलरक्षकाला चेंडू दिसत होता की नाही, हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. पॅरिसच्या क्रीडा दैनिकातही याशिनपर्व संपल्याची भाषा सुरू झाली.

संघ मायदेशी परतल्यावर याशिनचे नाव पुकारताच मैदानात शिट्ट्या आणि हुर्यो सुरू होई. त्याच्या घराच्या काचा फोडण्यात आल्या. त्याच्या गाडीवर शिव्या खरडण्यात आल्या. कालपर्यंत ज्यांनी खांद्यावर घेतले होते, त्यांचीच ही करणी होती. याशिन तेव्हा बत्तीस वर्षांचा होता आणि निवृत्त होण्याचे विचार त्याच्या मनात घोळू लागले होते.

अशा वेळी त्याच्या मदतीला आला तो त्याचा आवडता छंद. मासेमारीचे त्याला विलक्षण वेड होते. शहरापासून दूर, नदीकाठी गळ टाकून तो तासन्‌तास बसून राही. तिथे प्रेक्षक नव्हते, वृत्तपत्रे नव्हती, गोलफलक नव्हता. मासा गळाला लागला नाही तर त्याचा जाब विचारणारे कोणी नव्हते. फुटबॉलमध्ये गोलरक्षकाला क्षणात निर्णय घ्यावा लागतो; गळ टाकून बसलेल्याला मात्र काही न घडता वाट पाहता यावी लागते. त्या पाण्याकाठच्या दिवसांनी त्याला सावरले. क्लबचे प्रशिक्षक अलेक्झांडर पोनोमारेव्ह यांनीही समजूतदारपणा दाखवला आणि त्याच्यावर परतण्याची सक्ती केली नाही. मन निवळल्यावर याशिन आपणहून सरावाला आला.

पुनरागमन

पुढच्या वर्षी जे घडले त्याला फुटबॉलच्या इतिहासात तोड नाही. १९६३ च्या लीग स्पर्धेत याशिन २७ सामने खेळला आणि त्याने अवघे सहा गोल स्वीकारले. डायनॅमो पुन्हा देशाचा विजेता झाला. त्या वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेला शंभर वर्षे पूर्ण होत होती. त्यानिमित्त २३ ऑक्टोबर रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंड आणि शेष विश्व यांच्यात सामना झाला. डी स्टेफानो, पुस्कास, युसेबियो यांच्या त्या संघाचा गोलरक्षक म्हणून याशिनची निवड झाली. पूर्वार्धात त्याने इंग्लंडला एकही गोल करू दिला नाही. मध्यंतरानंतर दुसरा गोलरक्षक आला आणि इंग्लंडने दोन गोल करून सामना २-१ असा जिंकला. याशिन किती मोठा आहे हे वेम्बलीवरच्या प्रेक्षकांना आता वेगळे सांगावे लागणार नव्हते.

नोव्हेंबरमध्ये रोम येथे इटलीविरुद्ध त्याने सांद्रो माझोलाची पेनल्टी अडवली आणि इटलीला स्पर्धेबाहेर जावे लागले. वर्ष संपताना इटलीच्याच जियानी रिव्हेराला मागे टाकून त्याने ‘बॅलन डी’ऑर’ मिळवला. ज्या पॅरिसमध्ये त्याच्या अस्ताचे भाकीत केले गेले होते, तिथल्याच नियतकालिकाचा हा किताब होता.

१९६६ च्या इंग्लंडमधील विश्वचषकात सोव्हिएत संघ उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला. सोव्हिएत संघाची किंवा नंतरच्या रशियाची विश्वचषकातली याहून चांगली कामगिरी आजवर झालेली नाही. पश्चिम जर्मनीने २-१ असा पराभव केल्यावर तिसऱ्या क्रमांकासाठी पोर्तुगालशी लढत झाली. युसेबियोने पेनल्टीवर गोल केला आणि आनंदाने नाचण्याऐवजी तो याशिनचे सांत्वन करायला गेला. गोल करणाऱ्याने गोलरक्षकाला दिलेली ती मानवंदना होती.

डायनॅमोकडून लीगचे ३२६ सामने खेळून याशिन निवृत्त झाला. २७ मे १९७१ रोजी मॉस्कोच्या लेनिन स्टेडियमवर त्याचा निरोपाचा सामना झाला तेव्हा सुमारे एक लाख प्रेक्षक जमले होते. युसेबियो, बॉबी चार्लटन, गर्ड म्युलर यांच्यासारखे खेळाडू त्यासाठी मुद्दाम आले होते. उत्तरार्धात याशिनने आपले हातमोजे तरुण गोलरक्षक व्लादिमिर पिल्गुईच्या स्वाधीन केले आणि तो मैदानाबाहेर पडला. नऊ वर्षांपूर्वी ज्या शहराने त्याच्या खिडक्यांवर दगड मारले होते, तेच शहर आता उभे राहून टाळ्या वाजवत होते.

अखेरचे दिवस

निवृत्तीनंतरचे आयुष्य सुखाचे गेले नाही. क्लबमध्ये व संघटनेत त्याने पदे सांभाळली, पण मैदानावरची उभारी तिथे नव्हती. अनेक वर्षांच्या धूम्रपानाने पायांतील रक्ताभिसरण बिघडत गेले आणि १९८४ मध्ये त्याचा एक पाय कापावा लागला. ज्याच्या झेपांकडे पाहून एक पिढी मोठी झाली, तो आता कुबड्यांच्या आधाराने चालत होता. तरीही सामन्यांना जाणे आणि जुन्या मित्रांना भेटणे त्याने सोडले नाही. १९८९ मध्ये त्याच्या साठीनिमित्त मॉस्कोत सामना झाला, त्याला त्याचे जुने विदेशी प्रतिस्पर्धीही हजर होते.

मार्च १९९० मध्ये त्याला ‘समाजवादी श्रमवीर’ हा देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान जाहीर झाला. तेव्हा तो पोटाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळला होता. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २० मार्च १९९० रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी त्याचे निधन झाले. मॉस्कोतील वागान्कोव्हो दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली. ज्या देशासाठी तो खेळला, तो देशही पुढच्या वर्षी नकाशावरून पुसला गेला.

त्याचे नाव मात्र पुसले गेले नाही. १९९४ ते २००६ या काळात विश्वचषकातील सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार त्याच्या नावाने दिला जात होता. २०१९ पासून ‘बॅलन डी’ऑर’ सोहळ्यात वर्षातील सर्वोत्तम गोलरक्षकाला ‘याशिन करंडक’ दिला जाऊ लागला. गोलरक्षकांसाठी वेगळा करंडक ठेवावा लागला, यातच मुख्य किताब त्यांच्यासाठी किती दुर्लभ आहे याची कबुली आहे. मॉस्कोतील डायनॅमोच्या नव्या स्टेडियमलाही त्याचे नाव देण्यात आले.

२०१८ मध्ये विश्वचषक रशियात भरला. स्पर्धेच्या अधिकृत भित्तिचित्रासाठी यजमानांनी याशिनचीच निवड केली. डोक्यावर टोपी, गुडघ्यांना पट्ट्या, हवेत झेपावलेला देह आणि चेंडूकडे ताणलेला हात असे ते चित्र आहे. चेंडू त्याच्या हातापाशी आहे. तो अडला की निसटला, हे मात्र त्या चित्रात कुठेही दिसत नाही.